शंभर कणांची मर्यादा

नीलमने हवेतले कण मोजणाऱ्या काउंटरची नळी भरणयंत्राच्या सुयांजवळ धरली आणि बटण दाबलं. काउंटर घुमू लागला, आजूबाजूची हवा पोटात ओढू लागला. काचेच्या आडोशामागे इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या एकामागे एक सुयांखाली येत होत्या आणि भरून पुढे सरकत होत्या. यंत्राशी प्रयागबाई उभी होती, पलीकडे बुचांच्या थाळीशी भागू. दोघी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या. हूड भुवयांपर्यंत ओढलेला, त्याखाली चष्मा, त्याखाली मास्क. आत माणूस ओळखायचं ते त्याच्या उभं राहण्यावरून.

काउंटरवरचा आकडा चढत गेला. साठ, नव्वद, एकशे चाळीस. नीलमने हात वर केला तशी प्रयागबाईने यंत्र बंद केलं.

"पुन्यांदा?" भागू मास्कमधून म्हणाली. आत बोलायचं नसतं, ही सवय तिला इतक्या वर्षांत लागली नव्हती.

नीलमने मान हलवली. प्रयागबाईने दोन्ही हात छातीसमोर धरले, आत धरायला शिकवलं होतं तसे, आणि पुढच्या खुणेची वाट पाहत उभी राहिली.

सुयांजवळच्या हवेला एकच नियम होता. दोन घागरी भरतील एवढ्या हवेत डोळ्यांना न दिसणारे शंभर कण चालत, शंभरावर नाही. बाहेर, पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला, तेवढ्याच हवेत ते लाखांनी असत. हे औषध सरळ रुग्णाच्या रक्तात जायचं. तिथे धुळीला थोपवायला ना नाक, ना पोट.

कारखाना कळंबच्या अलीकडे रस्त्यालगत होता. नीलमचे सासरे पुखराजशेठ यांनी नव्वदीच्या दशकात तो उभारला. नारायणगावात त्यांच्या घराण्याचा पिढ्यांचा किराणा-भुसाराचा व्यापार, पण पुखराजांना औषधांचं वेड. मुलगा अरिहंत पुण्यात राहून विक्री बघायचा. औषधशास्त्र शिकलेली सून घरात आली, तेव्हा त्यांनी भरणखोलीची हवा तिच्या हवाली केली. आता सरकारचे नवे नियम आले होते, आणि दिवाळीच्या आत तपासणी व्हायची होती. तपासणीत नापास झालं तर भरणखोलीला कुलूप आणि साठ-सत्तर माणसं घरी.

आकडा जूनपासून बिघडला होता. नीलमने आधी छतातल्या फिल्टरांवर संशय घेतला. पुण्याहून तंत्रज्ञ आला, त्याने धूर सोडून कोपरा न् कोपरा तपासला. फिल्टर ठणठणीत. मग तिने दारांचे रबर बदलले, भिंतींच्या फटी भरून घेतल्या. रिकाम्या खोलीत काउंटर लावला की आकडा जवळजवळ शून्यावर. बाया आत येऊन कामाला लागल्या की काही वेळाने चढायला सुरुवात. तिचे एक शिक्षक वर्गात म्हणायचे, स्वच्छ खोलीतली सगळ्यात मळकी वस्तू म्हणजे माणूस. तेव्हा मुलं हसायची.

जूनपासून भरलेला सगळा माल तिने गोदामात अडवून ठेवला होता. पुखराज रोज गोदामावरून जाताना त्या खोक्यांकडे बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. ते न बोलणं नीलमला जड जायचं.

त्या दुपारी पॅकिंगमधून सखूबाईने बोलावणं पाठवलं. सखूबाई दिव्याखाली एकेक बाटली हलवून बघायची, पाठीमागे अर्धा काळा, अर्धा पांढरा पडदा.

"ह्ये बगा मॅडम," तिने बाटली उलटी केली. "तांबडं काय तरी हाये."

पांढऱ्या पडद्यासमोर एक ठिपका तरंगत खाली आला. खसखशीच्या दाण्याहूनही लहान, पण लाल.

नीलमने ते औषध प्रयोगशाळेत नेऊन गाळलं. सूक्ष्मदर्शकाखाली लाल ठिपका ओबडधोबड खड्यासारखा दिसला. रबर नव्हतं, गंज नव्हता. ती बराच वेळ बघत राहिली. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, तिने त्याच्यावर सौम्य आम्लाचा एक थेंब सोडला. लाल कडा हळूहळू पिवळी झाली, मग सगळा ठिपकाच हळदीसारखा पिवळा पडला.

हळदच होती ती. हळद आणि चुना. कुंकू.

पुखराजांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे टेकले.

"सुयांजवळ दोघीच असतात ना?"

"हो. प्रयागबाई आणि भागू. बाकीच्या बाया शेजारच्या खोल्यांत."

"मग विचारायचं काय राहिलं? एक विधवा. दुसरी राहिली कोण?" त्यांनी शिपायाला हाक मारली. "भागूला बोलाव."

नीलमला तीन वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. खोली नवी होती, नियम नवे होते. आत जायचं तर बांगड्या, मंगळसूत्र, कुंकू, टिकली, सगळं बाहेर काढून ठेवायचं. निवडलेल्या सगळ्या बाया अंगणात उभ्या राहिल्या, आत कुणी जाईना. भागू तर कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "माजा नवरा जित्ता हाये, शेठ. पांढरं कपाळ करून म्या कुटं जायची न्हाई." सगळ्यांच्या मागून तेव्हा प्रयागबाई पुढे आली होती. "मला काडायचं काय न्हाई. म्या जाते." पुखराजांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. "हिचा तर प्रश्नच नाही," ते नीलमला म्हणाले होते, हळू म्हणण्याचीही गरज त्यांना वाटली नव्हती. प्रयागबाई एकटी आठवडाभर आत काम करत राहिली. मग पगार बघून एकेक जण येत गेली, भागूसुद्धा.

भागू आली. खोलीतून तशीच बोलावलेली, केस टोपीने चिकटलेले, घामेजलेलं कपाळ पदराने पुसत. नीलमने तिला लाल ठिपक्याचं सांगितलं.

"कोणीतरी आत कुंकू लावून जातंय, भागू."

भागूने तिच्याकडे बघितलं, पुखराजांकडे बघितलं. क्षणभर ती मनात काहीतरी मोजत असल्यासारखी वाटली. एरवी ती कशावरही आधी भांडायची.

"म्याच," ती म्हणाली. "म्याच लावून जाती."

"जूनपासून?"

"व्हय."

"तुला माहीत नव्हतं?" पुखराजांचा आवाज चढला. "गोदामात काय पडलंय ते रोज दिसत नाही? लोकांच्या अंगात जातं ते!"

"चुकलं," भागू म्हणाली. पण मान खाली घातली नाही.

"घरी जा. उद्यापासून येऊ नको."

ती वळली आणि गेली. बाहेर पायऱ्यांवर तिच्या चपलांचा आवाज फटाफट वाजला. फाटकातून ती रस्त्याला लागलेली नीलमला खिडकीतून दिसली. बायांना घरी सोडणाऱ्या जीपचीही तिने वाट पाहिली नाही. कारण सापडलं होतं, तरी नीलमला बरं वाटलं नाही. कपडे बदलायच्या खोलीत पुन्हा एकदा पाटी लावावी, सगळ्या बायांना एकत्र बोलावून सांगावं, असं ठरवत ती खाली आली.

कपडे बदलायची खोली रिकामी होती. भिंतीवर आरसा होता आणि आरशाच्या काठाला ओळीने टिकल्या चिकटवलेल्या होत्या. आत जाताना बाया आपापली टिकली काढून तिथे लावायच्या आणि येताना आपापली ओळखून परत कपाळावर लावायच्या. कुणाची गोल, कुणाची लांबट, कुणाची खड्याची. वरच्या कोपऱ्यात भागूची होती, मोठी, मरून रंगाची. रागाच्या भरात ती न घेताच गेली होती.

नीलम त्या टिकलीकडे बघत राहिली.

भागू टिकली लावते. इथे सगळ्याच टिकली लावतात. बाजारात पाकिटं मिळायला लागल्यापासून गावोगाव बायांनी कुंकवाची डबी देवापुढे ठेवली होती. बोटाला मेण लावून, त्यावर कुंकू दाबून कपाळ भरणारी एकही बाई ह्या आरशासमोर उभी राहत नव्हती. मग कुंकू कुणाला आठवलं? टिकल्या गावात यायच्या आधीच जिचं कपाळ पांढरं झालं असेल तिला.

आतलं दार उघडलं. यंत्र पुसून प्रयागबाई एकटीच बाहेर आली. ती नेहमी सगळ्यांच्या शेवटी कपडे चढवायची, हेही नीलमला त्याच वेळी आठवलं. प्रयागबाईने मास्क काढला, चष्मा काढला, दोन्ही हातांनी हूड मागे ओढला आणि मग आरशात बघितलं.

आरशात दोघी होत्या. प्रयागबाईच्या कपाळावर आठ आण्याएवढं लालभडक कुंकू होतं, घामाने एका कडेला ओघळलेलं.

तिचा हात वर गेला आणि अर्ध्यावर थांबला. तिने ते पुसलं नाही.

"भागू कुटं हाये?" तिने विचारलं.

"पप्पाजींनी तिला काढलं. तिनं सांगितलं, आत कुंकू तीच लावून जाते."

प्रयागबाई बाकावर बसली. म्हणाली, "तिला ठावं व्हतं. एक डाव माजा हूड सरकला व्हता. तिनं बगितलं. काय बोलली न्हाई. नीट करून दिला निस्ता."

नीलम तिच्याशेजारी बसली. रागवायचं होतं, पण तोंडात शब्द आला तो वेगळाच.

"का, प्रयागबाई?"

"वैशाखात पोराचं लगीन झालं." प्रयागबाई समोरच्या भिंतीशी बोलत होती. "तुमाला पत्रिका दिली व्हती. व्याह्याला ओवाळायला माजी जाऊ. नवरीची ओटी भरायलाबी जाऊच. पोराच्या अंगाला पैली हळद लावायची तीबी जाऊनंच लावली. म्या तांदळाच्या पोत्यापाशी बसले व्हते. कुनी वंगाळ बोललं न्हाई हां. बोलायची येळच म्या कुनावर आनली न्हाई. म्याच आपली मागं सरत गेले."

बाहेर रस्त्यावरून टोमॅटोचा ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली.

"मंग कामावर आले. ह्या सगळ्या हितं उभ्या राहून टिकल्या काडत व्हत्या. मनात आलं, आत कुनाचंच कपाळ दिसत न्हाई."

"तुम्हालाही दिसत नाही."

"न्हाई दिसत. पन आठ तास कपाळाला कळतं."

"त्या औषिदानं कुनाला काय झालं न्हाई ना?" प्रयागबाई एकदम तिच्याकडे वळली. आत्तापर्यंत आवाजात नव्हती ती भीती आता होती. "तुमी आकडे बगत व्हता, मला वाटायचं, येवढ्याशानं काय व्हतंय. मला कुटं ठावं त्यो आकडा माजाच हाये."

"कुणाला काही झालं नाही. माल बाहेर गेलाच नाही."

प्रयागबाईने डोळे मिटले. मग उठून बेसिनपाशी गेली, नळ सोडला आणि कपाळ धुतलं. पांढऱ्या बेसिनमधून लाल पाणी फिरत फिरत खाली गेलं. पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "मालकाला माजं नाव सांगा. भागूचा नवरा साखर कारखान्यातनं सुटल्यापास्नं घरी हाये. तिला परत घ्या. मला काडलं तर चालंल."

"आणि गावात कळलं तर?"

पदराचं टोक प्रयागबाईने बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

पुखराज फोनवर होते. त्यांचं बोलणं संपेपर्यंत नीलम उभी राहिली.

"भागू खोटं बोलली, पप्पाजी. ती टिकली लावते. बाटलीत निघालं ते कुंकू आहे."

"मग दुसरं कोण होतं आत? ती तर..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. नीलमनेही केलं नाही. डोक्यावर पंखा फिरत होता, टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून पुखराजांनी हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

नारायणगावच्या त्यांच्या घरात झमकूबाई राहत असत. पुखराजांच्या थोरल्या बहीण, घरातल्या सगळ्यांच्या जीजी, ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आलेल्या. फिक्या रंगाची ओढणी कपाळापर्यंत ओढून त्या दिवसभर घर चालवत. नीलमच्या लग्नात सगळे दिवस कोठीघराच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या, म्हणून त्या मांडवात आल्या नाहीत असं सगळे म्हणत. नीलमने त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पाहुणे पांगल्यावर. किल्ल्या कुणाकडेही देता आल्या असत्या, हे तेव्हा तिच्या मनातही आलं नव्हतं.

"जीजीनं कधी..." पुखराज म्हणाले आणि पुन्हा थांबले. काय विचारायचं होतं ते त्यांचं त्यांनाही नीट माहीत नसावं. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"तिला त्या खोलीत ठेवायचं नाही," ते शेवटी म्हणाले.

"नाही ठेवत."

"काढ, असं मी म्हटलेलं नाही."

"कळलं."

"आणि भागूला निरोप पाठव. म्हणावं, शेठचं चुकलं." ते खिडकीकडे वळले. "कोण होतं, मला सांगू नको. मी विचारलेलं नाही."

प्रयागबाई अजून खालीच होती, पिशवी मांडीवर घेऊन.

"सोमवारपासून पॅकिंगला बसा," नीलम म्हणाली. "सखूबाईंच्या शेजारी, बाटल्या बघायला. पगार तोच."

"तितं हूड नसतो."

"नसतो. नुसती केसांची टोपी."

"मंग कपाळ उगडंच ऱ्हानार."

"हो." नीलम जरा अडखळली. "तिथं बाटल्यांना बुचं बसलेली असतात, प्रयागबाई. तिथल्या हवेला मर्यादा नाही. तिथं कुणाच्या कपाळावर काय असावं, ह्याचा आपल्याकडे काही नियम नाही."

प्रयागबाईने तिच्याकडे नीट बघितलं. हसली नाही. पिशवी खांद्याला अडकवून जीपकडे निघून गेली.

सोमवारी ती पॅकिंगमध्ये आली ती मोकळ्या कपाळाने. दिव्याखाली बसली, बाटल्या हलवू लागली. मंगळवारीही तसंच. बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर बाया परत बसल्या तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू होतं.

पॅकिंगच्या हॉलमधलं बोलणं तुटलं. सखूबाईने आपलं स्टूल हातभर पलीकडे ओढलं. फरशीवर त्याचा मोठा आवाज झाला. प्रयागबाईने मान वर केली नाही. ती दिव्याखाली हातातली बाटली हलवत राहिली. भागू भरणखोलीतून खोके घेऊन आली होती. दारातच थबकली. सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "प्रयागबाई, त्यो खोका हिकडं सरकवा जरा. माजे हात भरलेत."

प्रयागबाईने खोका सरकवला. चिकटपट्टीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर रोजचा एक क्रम पडून गेला. सकाळी ती मोकळ्या कपाळाने यायची आणि पॅकिंगच्या कोपऱ्यात पाठमोरी होऊन कुंकू लावायची. संध्याकाळी सुटताना भरणखोलीतल्या बाया आरशावरून टिकल्या काढून कपाळाला लावायच्या, त्याच वेळी ती फाटकाजवळच्या नळावर जाऊन कपाळ धुवायची. मग पदराने पुसत शाहनवाजच्या जीपमध्ये बसायची. कळंबच्या बायांची ने-आण शाहनवाज करायचा. नळावर रोज उशीर होतो म्हणून तो हॉर्न वाजवायचा, पण तिला सोडून कधी गेला नाही.

भरणखोलीत प्रयागबाईच्या जागी दुसरी बाई आली. आकडा खाली आला आणि खालीच राहिला. तपासणीला आलेल्या साहेबांनी स्वतःच्या हाताने काउंटर लावून बघितला, चहा घेतला, चांगला शेरा दिला. पुखराजांनी गोदामातला अडवलेला माल नष्ट करवला, तेव्हा स्वतः उभे राहिले, आणि कुणाला बोल लावला नाही. सखूबाईचं स्टूल कधीतरी परत जागेवर आलं. कोणत्या दिवशी, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

दिवाळी होऊन गेली होती. हवेत गारवा होता, रस्त्यापलीकडच्या द्राक्षबागेत फवारणीचा वास होता. नीलम सुटायच्या वेळी फाटकाशी उभी होती, अरिहंत पुण्याहून यायचा होता. बाया हसत, ढकलाढकल करत जीपमध्ये चढल्या. मागून प्रयागबाई आली. नळापाशी तिची पावलं मंदावली नाहीत. ती सरळ जीपपर्यंत आली, दांडीला धरून चढली आणि भागूने सरकून दिलेल्या जागेवर बसली. मावळतीचं ऊन तिच्या तोंडावर आलं होतं.

शाहनवाजने किल्ली फिरवली नव्हती. त्याने आरशातून मागे बघितलं, मग मान वळवून बघितलं.

"मावशी," तो म्हणाला, "नळावर जायाचं ऱ्हायलं का? थांबतो मी."

प्रयागबाईने पदर खांद्यावर नीट घेतला.

"न्हाई," ती म्हणाली. "चल तू. सून वाट बगत असंल."